वाय की एन

अण्णा, तुम्हाला बसवून नेलं त्या दिवशी मला काही सुचेनासं झालं होतं. तुमच्यात गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत हे ऐकून ठाऊक होतं, पण डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. उचगावच्या त्या बोळातून तुम्ही विमानात, त्या फुलांनी सजवलेल्या पालखीत, बसून निघालात. कपाळभर विभूती, मान जराशी पुढं. रविवारी माझ्या टायपिंग क्लासात कुणा नवशिक्याच्या मागं खुर्ची टाकून तुम्ही असेच बसायचात. आता मान वर करून विचारतील, "पावणं, आदी वाचलंसा काय?" असं मला सारखं वाटत होतं. रडू आलं नाही. खरं सांगायचं तर राग आला. सकाळच्या पाळीला कागलला गेलात आणि असे परत आलात, मध्ये मला बोलायला एक दिवससुद्धा ठेवला नाहीत.

बोलायचं एवढंच होतं, की पान एकवीसवरची ती ओळ माझी होती. तुमची नव्हती. चार वर्षांपूर्वी भरल्या वर्गात तुम्ही "चूक माझी हाय" म्हणालात आणि मी खिडकीपाशी उभी होते, बोलले नाही. तेव्हापासून आपल्या त्या छोट्या पुस्तकाचं नाव निघालं की लोक म्हणतात, अण्णांकडून एक ओळ चुकली होती. मीही ऐकून घेते. हे मी का केलं, आणि तुम्ही का केलंत, मला दोन्ही अजून नीट कळलेलं नाही. वीस दिवस झाले, डोकं नुसतं फिरतंय. हे लिहिलेलं तुम्हाला पोचणार नाही एवढं मला समजतं. पण कुणी ईमेल पाठवायला घाबरलं की तुम्हीच म्हणायचात, "पोचलं का न्हाय ते मागनं बघू, पाठव तर खरं."

नव्वदीच्या शेवटी माझा क्लास म्हणजे दोन रांगा टाइपरायटर आणि कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या झाकणाखाली दोन कॉम्प्युटर. तुम्ही कारखान्यात इलेक्ट्रिकचं काम बघायचात. माझ्याकडं आलात ते वायरिंग तपासायला, कुणीतरी नाव सांगितलं म्हणून. काम झालं, हात पुसलेत आणि शर्टाच्या खिशातून एक सीडी काढून टेबलावर ठेवलीत.

"ह्ये घालून बघा की, बाई."

"काय आहे?"

"लिनक्स. फुकट हाय. आणि चोरीचं न्हाय."

ह्या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा असतील, तेच मला कळेना. फुकट ते पौष्टिक म्हणतात आपल्याकडं, पण कॉम्प्युटरच्या बाबतीत फुकट म्हणजे कुणाच्या तरी सीडीची चोरटी कॉपी, एवढंच ज्ञान मला होतं. माझ्या दोन्ही मशीनवर तेच होतं. मग तुम्ही स्टूल ओढून तासभर सांगत बसलात. कॉम्प्युटर चालवणारं हे सगळं जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलंय, ते उघडून बघता येतं, बदलता येतं, दुसऱ्याला देता येतं, आणि कुणी पोलिसात देत नाही. मी विचारलं, "आणि अडलं तर?" तुम्ही म्हणालात, "इचारायचं. सगळी एकमेकास्नी सांगत्यात." आणि हे म्हणताना जरा खाली बघितलंत.

खाली का बघितलंत ते सहा महिन्यांनी कळलं. तुमचा स्वतःचा पहिला प्रश्न. जगभरचे लोक ज्या ईमेलच्या यादीवर एकमेकांना पत्रं टाकतात, तिथं तुम्ही विचारला होता. दहावीपर्यंतचं इंग्रजी, दोन दिवस डिक्शनरी घेऊन एक पत्र जुळवलं, कॅफेत जाऊन पाठवलं. उत्तर आलं ते चार अक्षरांचं. अर्थ बघायला परत डिक्शनरी उघडलीत, तर तिच्यात तो शब्दच नाही. पुण्याच्या एका ओळखीच्यानं फोनवर उलगडून सांगितलं, की प्रत्येक अक्षराचा एक शब्द, अर्थ असा की आधी मॅन्युअल वाच, आणि मध्ये एक शिवी आहे.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, वाचलं की. सगळं वाचलं."

"राग नाही आला?"

"आला. म्हणून तर वाचलं."

हे तुम्ही हसत सांगितलंत आणि मी पण हसले. आपलं पुढचं सगळं भांडण त्या एका वाक्यात होतं हे तेव्हा दोघांनाही दिसलं नाही.

रविवारची बैठक सुरू झाली तीही आपसूकच. दूध संस्थेतला एक कारकून, एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर, पॉलिटेक्निकचे चार-पाच जण, आणि अधूनमधून कुणीही. लोकांना तुमची भीती वाटायची आणि तरी ते यायचे, कारण तुमच्याइतकं येणारं कोल्हापुरात दुसरं कुणी नव्हतं. माणूस प्रश्न विचारायचा आणि तुम्ही डोळे बारीक करून म्हणायचात, "वाचलंसा काय? न्हाय? मग वाचून या, जावा." एकदा शाळेतल्या एक शिक्षिका आल्या होत्या. त्यांना फक्त पाटीवर लिहितात तशी मराठी अक्षरं पडद्यावर आणायची होती. त्यांनाही तुम्ही तेच म्हणालात. बाईंनी पर्स उचलली, मला नमस्कार केला आणि गेल्या, त्या गेल्याच. मी सगळ्यांसमोर तुमच्यावर तुटून पडले.

"अण्णा, तुम्हाला जे झोंबलं तेच तुम्ही दुसऱ्याला लावताय."

"झोंबलं म्हणून शिकलो मी."

"तुम्ही शिकलात. जे झोंबल्यावर निघून गेले, त्यांचं काय?"

"जी जात्यात त्यास्नी नकोच असतंय ते."

तुम्हाला खरंच असं वाटायचं का हो? मी इतकी वर्षं धरून चालले होते की वाटायचं. आता मला त्याचीही खात्री राहिलेली नाही.

पुस्तक लिहायचं मी त्या भांडणाच्या रागात ठरवलं. बत्तीस पानी, मराठीत, अगदी पहिल्यापासून. मशीन सुरू कसं करायचं इथपासून लिनक्स कसं बसवायचं इथपर्यंत. वाचायलाच लावायचं असेल तर वाचता येईल असं काहीतरी हातात द्या, एवढंच माझं म्हणणं. तुमचं म्हणणं, "सोपं कराय गेलं की खोटं हुतंय, बाई." मी म्हटलं, मग खोटं कुठं होतंय ते तुम्ही दाखवा. तुम्ही म्हणालात, दाखवतो.

आणि दाखवलंत! त्या तीन महिन्यांसाठी मी जन्मभर तुमची ऋणी आहे, हे आत्ता स्पष्ट सांगून टाकते, कारण पुढं मी परत रागावणार आहे. क्लासातल्या जुन्यात जुन्या मशीनसमोर तुम्ही बसायचात आणि म्हणायचात, "आता मी अडाणी. लिवलंय तेवढंच करणार." मी मोठ्यानं वाचायची. "वरच्या कोपऱ्यात क्लिक करा." तुम्ही माउस उचललात आणि नेऊन मॉनिटरच्या डोक्यावर ठेवलात. "सीडी आत घाला." तुम्ही सीडी उलटी घातलीत. "कुठली बाजू वर ते सांगा की, मी अडाणी हाय." मी हसून हसून बेजार, आणि तुमच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलायची नाही. एकेक वाक्य चार-चार वेळा फिरवून लिहिलं. कॉलेजात मराठी शिकले मी, पण शब्दावर संशय घ्यायला तुम्ही शिकवलंत.

शब्दावरून तर काय काय झालं. मी सगळीकडं "कळ दाबा" लिहिलं होतं. तुम्ही पोट धरून वाकलात. "कळ आली. आता दाबू व्हय?" बरं, म्हटलं, मग "की" लिहू. माझ्या क्लासात तीस वर्षं पोरं शिफ्ट की, स्पेस की म्हणत आलीत. तुम्ही मान हलवलीत. "की न्हाय. आमच्यात निम्म्या वाक्याला की लागतंय. दाब की, बस की, ये की. त्यात ह्ये की कुठलं, माणूस गोंधळतंय. बटन लिवा." मला ते "बटन" गावंढळ वाटत होतं. पण हरले. "बटण" लिहिलं, तुमच्या न ऐवजी माझा ण घालून तेवढी हौस भागवून घेतली.

तुम्ही सगळी पानं तपासलीत, प्रत्येक पानाखाली सही केलीत, आणि मी ती छापखान्यात दिली.

छापखान्यात सोळा पानांचा एक फर्मा असतो. आपलं पुस्तक दोन फर्म्यांत बसायला हवं होतं आणि ते तेहतिसाव्या पानावर सांडत होतं. तिथले मालक म्हणाले, "बाई, तीन-चार ओळी काढा कुठनंतर, न्हाईतर आख्खा फर्मा वाढतोय." मी तिथल्याच लाकडी बाकावर बसले. पान एकवीसवर तुमच्या चार ओळी होत्या. एंटरचं बटण दाबा. टॅबचं बटण दाबा. परत एंटरचं बटण दाबा. मग मशीन विचारेल, सगळी डिस्क वापरू का. तेव्हा y चं बटण दाबायचं नाही, n चं दाबायचं. मी त्या चारांची एक केली:

"एंटर की, टॅब की, परत एंटर की, y की n आल्यावर n दाबा."

पान बसलं. मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं. तुम्हाला कारखान्यात फोन करता आला असता, ऑफिसात निरोप ठेवला असता तर तुम्ही तासाभरात उलटा फोन केला असता. नाही केला. चार ओळींसाठी काय विचारायचं, म्हटलं. माझ्या मनात पहिले तीन "की" म्हणजे बटण होते आणि चौथा "किंवा" होता. एका ओळीत मी एका शब्दाचे दोन शब्द केले होते, आणि ते मला दिसलं नाही. अडाणी व्हायला तुम्ही जवळ नव्हता.

मग तो रविवार. हुपरीच्या कमलाक्का एसटीनं आल्या. मशीनचा डबा वाकळेत गुंडाळून मांडीवर घेऊन आलेल्या. त्यांच्या घरी पैंजणांचं काम, पिढ्यान्‌पिढ्या. पण त्यांनी एक वेगळीच गोष्ट केली होती. सासऱ्यांच्या हाताच्या जुन्या नक्षी दोन वर्षं बसून कॉम्प्युटरवर काढल्या होत्या. त्यातले बरेच पैंजण केव्हाच वितळवले गेलेले. राहिली होती ती ही चित्रं. त्यांनी वाकळ सोडवली आणि तुमच्याकडं न बघता माझ्याकडं बघत, तिकडच्या बायका बोलतात तसं "मी आलो, मी केलो" करत सांगायला लागल्या.

"पुस्तकात लिवलंय तसंच केलो बाई मी. एंटर की, टॅब की, परत एंटर की, वाय की. मग एन यायची वाट बघत बसलो. एन आलंच न्हाय."

वाय दाबल्याबरोबर मशीननं सगळी डिस्क पुसली होती, नक्षींसकट. ड्रॉइंग मास्तरांनी हळूच विचारलं, "दुसरी कॉपी काढून ठेवली नव्हती का?"

"ठेवली की! पान तीनवर लिवलंय न्हवं, कॉपी काढून ठेवा म्हणून. हेच्यातच ठेवली हाय."

त्याच डिस्कवर. कॉपी कुठं ठेवायची हे आपण लिहिलंच नव्हतं. ती ओळ तुम्ही तपासली होती, अण्णा. तिथं तुम्हाला पुरेसं अडाणी होता आलं नाही.

"आणि आदल्या दिशी अण्णांस्नी फोन पण केलतो," कमलाक्का म्हणाल्या. "म्हटलं, एवडं सांगा, भ्या वाटतंय. म्हणालं, पुस्तक वाचा की, छापलंय कशाला."

तुम्ही पुस्तक हातात घेतलंत. पान एकवीस उघडलंत. ओठ हलवत वाचलंत, दोनदा. मग पुस्तक मिटलंत आणि म्हणालात, "चूक माझी हाय."

कुठली, ते कुणी विचारलं नाही. फोनवर उडवून लावलंत ती? पान तीनची? की एकवीसची? मी चार वर्षं हाच हिशेब घालत बसले. रोज सोयीचं उत्तर काढायचे. अण्णा फोनबद्दल म्हणाले असतील. बरोबरच आहे, बाई विचारत होती, त्यांनी सांगायला हवं होतं. मीच तर ओरडून ओरडून सांगत होते की नवशिक्याला असं तोडू नका. म्हणजे त्यांची चूक, माझी नाही. असं स्वतःला समजावलं की दोन दिवस बरे जायचे. तिसऱ्या दिवशी परत ती ओळ डोळ्यांसमोर यायची.

त्या दिवशी जाताना तुम्ही म्हणालात, "उरल्याली पुस्तकं मी नेतो." गठ्ठा सायकलच्या कॅरियरला बांधलात. मला वाटलं, रद्दीत घालणार, आणि बरंच होईल. पुढच्या रविवारी तुम्ही आला नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तोंडाशी आलं होतं. एकदा तर "अण्णा, ते पान एकवीस" इथपर्यंत म्हणाले. तुम्ही मध्येच म्हणालात, "बाई, मोडेमचा दिवा लागतोय न्हवं? मग झालं." आणि फोन ठेवलात. हे काय उत्तर झालं? मला टाळलंत, का वाचवलंत? का तुम्हाला खरंच मोडेमचीच काळजी होती? तुमच्या बाबतीत तेही अशक्य नाही.

क्लास चालू राहिला. बोलायला मी मऊ, विचारणारा चुकलेला असला तरी गोड बोलून सांगायचं, त्यामुळं लोक वाढले. आता मागच्या आठवड्यात आमचा प्रिंटर बंद पडला, तुम्ही सहा वर्षांपूर्वी काहीतरी करून चालू केलेला. पोरांनी विचारलं, "अण्णांनी काय केलतं ते लिहून ठेवलंय का?" मी एकदम हसले आणि मग हसू थांबेना. लिहून ठेवणार, तुम्ही! हजारदा म्हटलं होतं, डोक्यात ठेवू नका, कागदावर ठेवा. जगाला आधी वाच म्हणायचं आणि स्वतः एक ओळ लिहायची नाही, ह्याला काय म्हणायचं? तुमच्या डोक्यात काय काय होतं ते सगळं तुमच्याबरोबर त्या मातीत गेलं. ह्याचा मला अजून राग आहे. तो मी जपूनही ठेवणार आहे.

तर तुमच्या घरी वहिनींना भेटायला गेले होते. गिरिजावहिनी भिंतीला टेकून बसलेल्या. लोक येत होते, जात होते. गर्दी कमी झाली तशा त्या माझ्याजवळ सरकल्या.

"बाई, एक इचारू? तुमचा रविवारचा क्लास हुपरीला का नेलासा?"

मला अर्थच लागेना. "हुपरीला? नाही हो. आहे तिथंच आहे."

"मग ह्ये दर रविवारी हुपरीला जायचं ते कुठं? पुस्तकं घिऊन जायचं. मला वाटलं क्लासच तिकडं गेलाय. चार वर्सं झाली."

वहिनींच्या डोळ्यांत भलताच संशय येईल की काय, अशी मला भीती वाटली. मी घाईघाईनं म्हटलं, तिकडं आमच्या ओळखीच्या एक बाई आहेत, त्यांचं मशीन बिघडलं होतं. "कशानं बिघडलं?" वहिनींनी विचारलं. मी म्हटलं, "बघून सांगते."

परवा रविवारी हुपरीची एसटी धरली. वाटभर ठरवत होते, काय बोलायचं. कमलाक्कांचं घर सापडायला वेळ लागला नाही, दारातच कड्या जोडणाऱ्या दोघी बसल्या होत्या. आत टेबलावर मशीन, त्यावर स्वच्छ टॉवेल. शेजारी आपली पुस्तकं, तुम्ही नेलेला गठ्ठा, बराच कमी झालेला. मी वरचं उचललं आणि सवयीनं पान एकवीस काढलं. तिथं पेनानं "की" खोडून वर "किंवा" लिहिलेलं, आणि खाली तुमच्या त्या तिरक्या अक्षरात, "वाय दाबायचं न्हाय. भ्या वाटलं तर थांबा आणि इचारा." दुसरं उचललं. त्यातही तेच. तिसऱ्यातही. एकेका प्रतीत, हातानं. पान तीनवर, "कॉपी दुसऱ्या जागी. ह्याच मशीनमदी न्हाय." कधी एक ओळ न लिहिणाऱ्या माणसाच्या हातच्या ओळी बघायला मी गठ्ठ्यातली प्रत्येक प्रत उघडली.

कमलाक्कांनी पाणी दिलं आणि जोडायची साखळी परत हातात घेतली. "पयले चार-पाच रविवार नुसतं मशीनच उघडून बसायचं. कायतर मिळंल म्हणून. न्हाय मिळालं. मग म्हणालं, घरात जे पैंजण हाईत ते आणा, मोजून परत काढूया. तशा काढल्या. सगळ्या न्हाय आल्या. सासऱ्यांच्या हातच्या लई गेल्या." हे सांगताना त्यांचा आवाज बदलला नाही, पण त्या दाराकडं बघत होत्या. "मग मीच म्हटलं, आता शिकवा तरी. गल्लीतल्या आठजणी हाईत आता."

"ओरडायचे का?" मी विचारलं.

"वरडायचं की! आदी वाच म्हणायचं. पर शेजारी बसून म्हणायचं. वाचून हुईस्तवर उठायचं न्हाय."

त्या आठ जणी तुम्ही कुणाच्या जागी मोजल्या असतील, अण्णा? त्या निघून गेलेल्या शिक्षिकेच्या जागी? मला माहीत नाही. मला एवढंच वाटलं की आता जर बोलले नाही तर कधीच बोलणार नाही.

"कमलाक्का," मी म्हटलं, "ती ओळ अण्णांची नव्हती. त्यांनी तपासली तेव्हा ती वेगळी होती. छापताना मी बदलली. त्यांना न विचारता. तुमच्या नक्षी माझ्यामुळं गेल्या."

त्यांनी साखळीतून मान वर केली नाही. "म्हायती हाय की मला."

"कुणी सांगितलं?"

"अण्णांनी. पयल्याच रविवारी. छापखान्यातनं त्यांच्या सहीचा कागुद आणलता, त्यात अशी ओळ न्हवती. म्हणालं, बाईंनी छापताना केलीया. पर तुमी काय बोलू नगा. बाई येतील हितं, आपल्या पायानं."

पहिल्याच रविवारी! म्हणजे मी चार वर्षं घरी बसून तुमच्या वाक्याचे अर्थ लावत होते, आणि इथं ह्या टेबलापाशी सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त, तुमच्यावर संताप आला. माझा आवाजही चढला असावा, दारातल्या दोघी वळून बघायला लागल्या.

"मग मला का नाही म्हणाले? दोनदा फोन केला मी त्यांना. चार वर्षं झाली, कमलाक्का! एकदा तरी मला का नाही सांगितलं त्यांनी?"

कमलाक्कांनी हातातली साखळी खाली ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं.

"तुमी इचारलंसा काय?"

नाही विचारलं. पोराटोरांना, मास्तरांना, दूध संस्थेच्या कारकुनाला मी विचारायला शिकवलं, आणि मी नाही विचारलं.

काल वहिनींना जाऊन सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं झालं सांगितलंसा. पुस्तक परत छापायला देते आहे. पान एकवीसवर तुमच्या चार ओळी, जशाच्या तशा, फर्मा वाढला तर वाढू दे. पहिल्या पानासाठी परवा हुपरीतच बसून लिहिलं, की मागच्या वेळची चूक लिहिणारीनं केली होती, तपासणाऱ्यानं नाही. कमलाक्कांनी ते वाचून बघितलं आणि एक शब्द बदलायला लावला, मी आधी "लेखिकेनं" लिहिलं होतं.

आता विचारते, अण्णा. तुम्ही माझ्यावर रागावला होतात का?